फुरसतीचे खेळ : तीन जीव आणि एक आजी

बालीगंजमध्ये रजनी सेन रोड नावाचा एक रस्ता आहे. सत्यजित राय यांनी आपल्या फेलूदा या गुप्तहेराचे घर याच रस्त्यावर, २१ क्रमांकात वसविले. १९६५ साली ‘संदेश’ मासिकात अवतरलेल्या फेलूदाला पडद्यावर अनेकांनी रूप दिले. १९७४ च्या ‘सोनार केल्ला’त सौमित्र चट्टोपाध्याय होते, २००३ च्या ‘बोम्बाइयेर बोम्बेटे’त सब्यसाची चक्रवर्ती आले, आणि पुढेही ही परंपरा चालू राहिली. नवा फेलूदा आला की या वस्तीत पहिला प्रश्न ठरलेला: जुन्याची सर त्याला आहे का? मराठी माणसाला ही खोड नवी नाही. नव्या संचातले ‘सौभद्र’ पाहून घरी परतणारे आपले आजोबा दुसरे काय करीत असत?

हाच प्रश्न नागपूरच्या एका वाचकाने आमच्याकडे निराळ्या संदर्भात पाठविला आहे. हे गृहस्थ नव्वदच्या दशकात ‘सुपर मारिओ’ खेळत वाढले. आता त्यांनी आपल्या दोन मुलांसाठी त्याच मालिकेतील २०२३ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ आणला, आणि खेळ पाहून ते अस्वस्थ झाले. घड्याळ गेले, गुणसंख्या गेली, शिवाय शत्रूचा स्पर्श झाला तरी ज्यांना काही होत नाही अशी पात्रेही त्यात आहेत! अशाने मुले लेचीपेची होतील, या भयाने त्यांनी आठ वर्षांच्या धाकट्याला आधी जुना खेळ पुरा करण्याची अट घातली. मुलगा तीन दिवस हरला, रडला, आणि आता दोन्ही खेळांना हात लावीत नाही. ‘चुकले कोण?’ असे ते विचारतात.

उत्तरापूर्वी एक खुलासा. या जातीच्या खेळाला इंग्रजीत ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. बालीगंज स्थानकाच्या फलाटाशी त्याचा काही संबंध नाही, एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत जायचे एवढाच अर्थ. ‘फलाट-क्रीडा’ असे भाषांतर करण्याचा मोह अनुवादकाने आवरला आहे. ‘उड्यांचा खेळ’ म्हणू या. हे खेळ करणारी क्योतोची निन्तेंदो ही संस्था १८८९ साली फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठी निघाली. सावंतवाडीची गंजिफा ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे ऐकून कौतुक वाटेल.

आता १९८५ च्या मूळ खेळाकडे पाहू. तो सारा अवघ्या चाळीस किलोबाइटांत मावला होता. आजच्या फोनवरील एक साधे छायाचित्रही त्याच्या अनेक पटींनी मोठे असते. जागेची काटकसर इतकी की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती. रंग तेवढा बदललेला. बत्तीस टप्पे, आरंभी तीन जीव, आणि मागे वळण्याची सोय नाही. एवढे सांगितले की तो खेळ कठोर होता असेच वाटते, आणि आमच्या पत्रलेखकांच्याही स्मरणात तेवढेच उरले आहे. परंतु त्याचा पहिला टप्पा पुन्हा एकदा सावकाश पाहावा. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणून कोणी न सांगता मूल उजवीकडे निघते. लगेच एक तपकिरी शत्रू सामोरा येतो. त्याला धडकून जीव गेला तर गमावले काय? चार पावलांची वाट. पुढे विटेतून अळंबी निघते, ती नळाला आपटून मागे फिरते, आणि डोक्यावर विटांचे छत असल्यामुळे तिला चुकविणे अवघड जाते. ही वस्तू हितकारक आहे, हे भित्र्या खेळाडूलाही अशा रीतीने कळतेच. टप्प्याच्या उत्तरार्धात समोरासमोर दोन जिने येतात. पहिल्या जोडीच्या मधे भरीव जमीन आहे, येथे उडी चुकली तरी काही होत नाही. तशीच दुसरी जोडी येते तेव्हा मधे खड्डा असतो! शिगेरू मियामोतो आणि त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका यांनी एकही शब्द न लिहिता दिलेला हा धडा कोणत्याही शिक्षकाने अभ्यासावा. खेळ कठोर होता खरा. पण आधी शिकवायचे आणि मगच परीक्षा घ्यायची, हा त्याचा क्रम होता.

हा क्रम मोडला तर काय होते, तेही याच घराण्यात पाहावयास मिळते. १९८६ साली जपानात या खेळाचा पहिला उत्तरभाग निघाला. रूप तेच, चाल बहुतांशी तीच. पण आरंभीच विषारी अळंबी, पुढे उडी भलतीकडे नेणारा वारा, आणि पुढच्या जगात नेईल असे वाटणारा गुप्त मार्ग उलट मागच्या जगात नेऊन सोडतो. हा भाग आधीचा खेळ कोळून प्यालेल्यांसाठी होता. अमेरिकेत तो त्या काळी आलाच नाही. फार अवघड ठरेल म्हणून तेथे १९८८ साली एका निराळ्याच खेळाला मारिओचा वेष चढवून ‘दुसरा भाग’ म्हणून विकण्यात आले, आणि मूळ उत्तरभाग १९९३ मध्ये पोहोचला. म्हणजे ‘जुने ते कठीण, नवे ते सोपे’ हा समज इतिहासाला धरून नाही. काठिण्याचा वाद दुसऱ्याच वर्षी सुरू झाला होता.

जुन्याशी इमान राखण्याची दुसरी एक रीत आहे. जपानच्याच कॅपकॉम संस्थेने २००८ साली ‘मेगा मॅन’ मालिकेचा नववा भाग काढला, तो मुद्दाम १९८७ च्या धाटणीने. ठिपक्यांची चित्रे, मोजके रंग, तसेच कर्कश-गोड संगीत. मधल्या भागांत नायकाला मिळालेल्या दोन कला, घसरत जाणे आणि शक्ती साठवून मारा करणे, काढून घेतल्या. जुन्या यंत्रावर फार आकृत्या एकत्र आल्या की चित्र लुकलुकत असे; तो दोषसुद्धा हवा असल्यास चालू करता येतो! जाणकारांनी त्याचे स्वागत केले आणि मलाही त्यातील कारागिरी मान्य आहे. पण दोषाचेही जतन करणारी भक्ती नव्या भक्ताला गाभाऱ्यात येऊ देत नाही, असे माझे मत आहे.

‘वंडर’चा मार्ग निराळा. त्यात निर्माते म्हणून तेच तेझुका आहेत, अडतीस वर्षांनंतर. नेहमीच्या टप्प्यांतून घड्याळ काढल्याने मूल थांबून पाहू शकते. एका विशेष फुलाला स्पर्श होताच नळ अळीसारखे सरपटू लागतात आणि मांसाहारी रोपे गाऊ लागतात. चौघे मिळून खेळताना आता एकमेकांचा धक्का लागत नाही. २००९ च्या खेळात भावाने बहिणीला उचलून खड्ड्यात टाकणे शक्य होते, आणि ते घरोघर घडलेही असेल. सोबती पडला तर तो काही क्षण भुताच्या रूपाने तरंगतो. दुसऱ्याने शिवले की परत येतो.

ज्यांना इजा होत नाही ती पात्रे म्हणजे योशी आणि नॅबिट. आमच्या इमारतीत एक वृद्ध ठाकुमा नातवंडांबरोबर नॅबिट होऊन खेळतात. शत्रू त्यांना काही करीत नाही, पण खड्ड्यात त्या पडतात, आणि प्रत्येक वेळी ‘ओ मा!’ असा उद्गार जिन्यापर्यंत ऐकू येतो. या सवलतीची किंमतही आहे. हत्ती होण्याची किंवा अन्य रूप घेण्याची शक्ती या पात्रांना मिळत नाही. नातू मारिओ घेतो, जीव गमावतो, आणि हत्ती होऊन मिरवतो. कोणी कोणते ओझे उचलावे, हे त्या घरात प्रत्येकाने आपापले ठरविले आहे.

काही गेले का? होय, गेले. अखेरच्या शंभर क्षणांत संगीत द्रुत लयीत जाई आणि तळहाताला घाम फुटे, ती धडधड आता नाही. नागपूरच्या गृहस्थांची हळहळ खोटी नव्हे. परंतु त्यांनी मुलाला जुना खेळ दिला तो दंड म्हणून. त्यांना स्वतःला तो सुटीत मिळाला होता, बहुधा शेजारी दोन भावंडे ‘आता उडी मार’ म्हणून ओरडत असताना. तीन जीव संपले की पाळी दुसऱ्याची येई. हरण्याचा अर्थ तेवढाच होता.

त्यांना सुचवावेसे वाटते की अट आज रात्रीच मागे घ्यावी. नवा खेळ लावून मुलाला मारिओ द्यावा आणि आपण नॅबिट व्हावे. चार दिवसांनी जुना खेळ काढावा, पण हातात स्वतः घ्यावा, आणि त्या दोन जिन्यांपाशी पोहोचल्यावर मुलाला विचारावे की पुढे काय असेल. यंत्र स्वस्त नाही, तेव्हा ज्या घरी ते नसेल त्यांनी खास त्यासाठी कर्ज काढू नये. पुढील अंकी आपण गंजिफा मांडणार आहोत, आणि तिला वीजही लागत नाही.