घड्याळ आईकडचं की वडिलांकडचं?

बंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं एखादं मराठी घर. दुसरीतल्या लेकीची छाती भरू लागली म्हणून आई घाबरते. आजी लगेच म्हणतात, "अगं, तुझ्या माहेरी सगळ्याच लवकर शहाण्या होतात!" सूनबाई गप्प बसते.

पण हा बोल तिलाच का लावायचा?

वयात येण्याचं घड्याळ मेंदूत असतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून एक संप्रेरक थांबून थांबून झिरपू लागलं, की पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि ती बीजकोशांना कामाला लावते. १९८० मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल व सहकाऱ्यांनी वयात न आलेल्या माकडिणींना हे संप्रेरक दर तासाला दिलं. त्यांना पाळी आली! ते बंद करताच त्या पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या. पीयूषिकेतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकावर मल्लेश्वरमजवळच्याच भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मौदगल यांनी बॉनेट माकडांवर बरंच संशोधन केलं.

मग हे घड्याळ इतकी वर्षं रोखून कोण धरतं? जनुकं! २००३ मध्ये एक जनुक सापडलं, ते बिघडलं तर वयात येणंच अडतं. २०१३ मध्ये दुसरं सापडलं, 'एमकेआरएन३'. हा घड्याळाचा ब्रेक. तो निकामी झाला, की मूल फार लवकर वयात येतं. गंमत म्हणजे या जनुकाची आईकडून आलेली प्रत मुकी असते, काम करते ती फक्त वडिलांकडची. म्हणजे हा दोष मुलांना भोवतो तो वडिलांकडून आला तरच!

अर्थात प्रत्येक मुलीत कारण हेच नसतं. पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही. म्हणून दोष कुणाचा, हे शोधत बसू नये. आठ वर्षं पूर्ण होण्याआधी अशी लक्षणं दिसली, तर मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. हाडं लवकर पक्की झाली, तर उंची खुंटते. गरज असल्यास इंजेक्शनं देऊन घड्याळ काही काळ थांबवता येतं. ती बंद केल्यावर ते पुन्हा चालू लागतं.

आणि डॉक्टरांनी विचारलं, "मुलीच्या बाबांचा आवाज कितव्या वर्षी फुटला?" तर उत्तर आजींनाच द्यावं लागेल. मुलगा त्यांचाच ना!