जुन्या नाण्याचे खरंच लाखो रुपये मिळतात का? नाणेसंग्रहात काय सुधारलं, काय बिघडलं?

'वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं आहे? मग तुम्ही लखपती!' अशी जाहिरात तुमच्याही मोबाइलवर एकदा तरी आली असेल. मग घरात शोधाशोध सुरू होते. आजीचा डबा उघडला जातो, जुनी पाकिटं उलटी केली जातात. नाणं सापडतंही, कारण २०१२ साल कोरलेलं हे नाणं चलनासाठीच काढलं होतं. जे इतक्या सहज सापडतं, त्याला कुणी लाखो रुपये का देईल?

एकेकाळी ओळखीचा व्यापारी आणि दोन-चार पुस्तकं यांवर चालणारा नाणेसंग्रहाचा छंद आता मोबाइलवर आला आहे. त्याने या छंदाचं भलंही केलं आणि नुकसानही.

फसवणूक कशी होते?

तुम्ही जाहिरातीतल्या नंबरवर नाण्याचा फोटो पाठवता. समोरचा लगेच मोठी रक्कम कबूल करतो. विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेचा लोगो असलेलं 'प्रमाणपत्र' येतं. मग नोंदणी फी मागितली जाते. ती भरली की जीएसटी, मग आणखी कुठला तरी कर. नाणं घरातच राहतं, पैसे मात्र जातात.

४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याबद्दल लोकांना सावध केलं होतं. बँक अशा व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने ते घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही, असं तिने स्पष्ट केलं.

नाण्याची किंमत कशावर ठरते?

केवळ जुनेपणावर नाही. अशी किती नाणी शिल्लक आहेत, ती किती जणांना हवी आहेत आणि नाण्याची अवस्था कशी आहे, यावर ती ठरते. तांब्याची शिवराई शिवकाळानंतरही बराच काळ पाडली जात होती. त्यामुळे साधी, झिजलेली शिवराई आजही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहे. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे.

वर्षाखालच्या छोट्या खुणेचंही तसंच. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. ही खूण नाणं कुठे पाडलं एवढंच सांगते, तिच्यामुळे ते आपोआप मौल्यवान होत नाही.

चांगलं काय घडलं?

माहिती खुली झाली. 'न्युमिस्टा' किंवा 'झेनो'सारख्या वेबसाइटवर हजारो नाण्यांचे फोटो आणि तपशील पाहता येतात. लिलावांचे भाव ऑनलाइन दिसतात, त्यामुळे व्यापारी सांगेल तीच किंमत, ही अडचण कमी झाली.

अमेरिकेत १९८०च्या दशकात नाणी तपासून, दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या. ही पद्धत आता भारतीय संग्राहकही वापरतात. पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर तपासता येतो. जॉर्ज सहाव्याच्या १९३९ च्या दुर्मीळ रुपयासारख्या नाण्यांची बनावट मोठ्या प्रमाणावर होते. तिथे याचा फायदा होतो. पण पेट्याही बनावट निघू शकतात, म्हणून नुसता क्रमांक नको, वेबसाइटवरच्या फोटोशी नाणं जुळवून पाहा.

स्मारक नाणी गुंतवणूक आहेत का?

२०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त ७५ रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. म्हणजे साडेसतरा ग्रॅम. अशी नाणी रोजच्या चलनात येत नाहीत, टांकसाळ ती दर्शनी मूल्यापेक्षा जास्त किमतीला विकते. आठवण म्हणून जरूर घ्या. पण पुढे भाव वाढेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

घरात जुनं नाणं सापडलं तर?

आधी घासू नका. चिंच लावून लखलखीत केलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही घसरते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करा, मग माहिती शोधा.

जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा साठा परस्पर वाटला गेला, तर कोणती नाणी कुठे, कशासोबत सापडली हा पुरावाच नाहीसा होतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरतात, ती परदेशी विकता येत नाहीत.

आणि विकायचंच असेल तर एक साधा नियम घरातल्या मोठ्यांनाही सांगा: पैसे घेणारा देतो, विकणारा नाही. नाणं विकत घेणाराच तुमच्याकडे आधी पैसे मागत असेल, तर फोन तिथेच ठेवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.