यंत्रातून फिरलेले रक्त

६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका तरुणीच्या हृदयातील पडद्याचे छिद्र शिवून बंद केले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम एका यंत्राने केले. पुढे या यंत्राने असंख्य प्राण वाचविले. त्याचे दोष सांगताना हे विसरता कामा नये.

रक्ताला ओळख असते ती रक्तवाहिनीच्या अस्तराची. यंत्राच्या नळ्यांत शिरताच ते गोठू पाहते, म्हणून रुग्णास आधीच हेपॅरिन दिलेले असते. परंतु हेपॅरिनने रक्ताचे गोठणे थांबते, क्षोभ थांबत नाही. जंतू शिरले असता जी संरक्षक प्रथिने एकामागून एक जागी होतात, ती येथे जंतूवाचूनच जागी होतात. पांढऱ्या पेशी खवळून सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि जंतूंसाठी राखलेली जहाल द्रव्ये तेथेच ओततात. भिंती झिरपू लागतात, फुप्फुसे पाण्याने जड होतात. पंपाच्या रेट्याने काही तांबड्या पेशी फुटतात व त्यांतून सांडलेले हीमोग्लोबिन मूत्रपिंडांना जाचते. बहुतेक रुग्णांत हा दाह थोड्या दिवसांत ओसरतो. वृद्धांच्या व तान्ह्या बालकांच्या बाबतीत, किंवा शस्त्रक्रिया फार लांबल्यास, तो अवयवांवर बेततो.

मग दाहशामक औषधे भरपूर द्यावीत, हा विचार सहज सुचतो. पुष्कळ ठिकाणी तो आचरणातही होता. नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर आणि १८ देशांत मिळून ७,५०७ रुग्णांवर स्टेरॉइडची कसोटी झाली. अनुक्रमे २०१२ आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूंत लक्षणीय घट नाही. यात नवल नाही. जो दाह फुप्फुसांना जाचतो, तोच जखम भरून आणतो व जंतूंना अडवितो. पाहुण्यावर धावून गेला म्हणून राखणदारालाच काढून टाकावे, तसा हा उपाय.

यंत्रच टाळावे, असेही काहींचे मत आहे. धडधडत्या हृदयावर यंत्रावाचून रोहिणीची जोडणी करता येते. परंतु ४,७५२ रुग्णांच्या २०१२ सालच्या तुलनेत, तीस दिवसांनंतर मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मूत्रपिंडांचा गंभीर निकामीपणा यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच आढळले. छाती उघडणे हाच शरीरावर मोठा आघात आहे. सारा दोष नळ्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. शिवाय झडप बदलावयाची, तर हृदय बहुधा थांबवावेच लागते.

तेव्हा क्षोभ दडपण्यापेक्षा त्याचे निमित्त कमी करणे शहाणपणाचे. नळ्या आखूड असाव्यात, त्यांना आतून रक्ताला सोसेल असा लेप असावा, यंत्रात आधी भरावयाचा द्रव थोडा असावा, आणि यंत्रावरील एकही मिनिट विनाकारण जाऊ नये. हे उपाय दिसावयास किरकोळ आहेत, म्हणूनच त्यांची उपेक्षा होते. रुग्ण जिवंत घरी गेला, एवढ्या नोंदीवर रुग्णालयांनी समाधान मानू नये. यंत्रावरील मिनिटे आणि नंतरची मूत्रपिंडांची व फुप्फुसांची स्थिती यांचीही नोंद शेजारी शेजारी ठेवावी.