आकडा काढला की घ्यायचं

मंडळी, राग आला तर येऊ दे, पण लिहितेच.

इस्तंबूलच्या ग्रँड बझारमध्ये होतो. पंधराव्या शतकातला, साठ गल्ल्यांचा, छताखालचा बाजार. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना रंगीत काचतुकड्यांचा दिवा आवडला. दुकानदाराने छोट्या ग्लासांतून चहा पाजला. १५०० लिरांपासून सुरुवात, घासाघीस करत काका ८०० म्हणाले. तो "ओके" म्हणून दिवा कागदात गुंडाळू लागला, आणि काका उठले! "लगेच मानला म्हणजे अजून उतरला असता." बाहेर येऊन सगळे हसले. मीही हसले, तेच बोचतंय.

आपण बडोदेकर मंगळ बाजारात भाव करतच वाढलो. भाव करणं वाईट नाहीच, तिथेही तो रिवाज आहे. पण माझ्या आईचा नियम होता : आपण आकडा काढला आणि त्याने मानला, की घ्यायचं. घ्यायचं नसेल तर तोंडच उघडायचं नाही.

म्हणे, परदेशात लुटतात. लुटत असतील काही जण, मग घेऊ नका! हेच काका विमानतळावर लोकूमचे डबे छापील किमतीला मुकाट्याने घेत होते. छापील आकड्यापुढे मान खाली, आणि माणूस दिसला की शहाणपण?

दुकानदार काही बोलला नाही. कागद सोडवून त्याने दिवा परत टांगला. आत शिरताना त्याने हसून विचारलं होतं, "इंडिया?"

उद्या त्या दुकानात आपल्यापैकीच कोणी जाईल. त्याला चहा मिळेल का?