अन्नबँकेचा आधार आणि सरकारची जबाबदारी

अमेरिकेतील अन्नबँकांविषयी 2025 मध्ये जी चर्चा झाली तिच्यात एक मत वारंवार पुढे आले : सरकारी मदत आटली तरी या संस्था नवे देणगीदार शोधतील, खरेदीची रीत बदलतील आणि कोणालाही उपाशी राहू देणार नाहीत, तेव्हा अनुदानाच्या अनिश्चिततेची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. याच्या अगदी उलट टोकाला दुसरे मत उभे आहे. समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडिक यांनी 1998 च्या ‘स्वीट चॅरिटी?’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अन्नदानाच्या डोळ्यांना दिसणाऱ्या समाधानामुळे समाजाला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि नागरिकाचा अन्नावरील हक्क मागे पडतो. ही भूमिका शेवटपर्यंत ताणली, तर अन्नबँकांनी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणे हेच मुळात चूक, असा निष्कर्ष निघतो. पहिले मत वस्तुस्थितीला सोडून आहे. दुसऱ्यातील इशारा खरा आहे; पण त्यावरून काढलेला हा निष्कर्ष भुकेल्या माणसावर अन्याय करणारा आहे.

अन्नबँक म्हणजे पंगत वाढणारे अन्नछत्र नव्हे. ती मुख्यतः एक गोदाम असते : कारखाने, शेतकरी, किराणा दुकाने आणि सरकार यांच्याकडून आलेले अन्न ती साठवते, निवडते आणि चर्च, शाळा, वस्तीतील मंडळे चालवत असलेल्या वाटपकेंद्रांकडे पाठवते. पहिली अन्नबँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी 1967 मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स येथे सेंट मेरीज या नावाने सुरू केली, आणि आज ‘फीडिंग अमेरिका’ या महासंघात अशा सुमारे 200 बँका आहेत. ही सारी खाजगी दातृत्वाची निर्मिती आहे, या समजुतीवरच पहिले मत उभे आहे. पण इतिहास तसे सांगत नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यात ही कल्पना फीनिक्सबाहेर पसरली ती संघीय सरकारच्या अनुदानाच्या बळावर. कंपन्या अन्न दान करतात तेव्हा त्यांना करसवलत मिळते, म्हणजे त्या दानाचा काही भाग सरकारी तिजोरीच उचलत असते. आणि सद्भावनेने दिलेल्या अन्नामुळे कोणाला अपाय झाला तरी दात्यावर सहसा खटला चालू नये, याची तजवीज 1996 च्या कायद्याने केली आहे. ज्या दातृत्वाने सरकारची जागा घ्यावी असे सुचवले जाते, ते सरकारच्याच आधाराने वाढलेले आहे.

साधा हिशेब मांडला तरी हे मत टिकत नाही. स्नॅप ही अमेरिकी सरकारची मुख्य अन्नसाहाय्य योजना असून तिच्यातून गरीब कुटुंबांच्या कार्डावर दरमहा किराण्यापुरती रक्कम जमा होते. 2024 मध्ये सुमारे 4 कोटी 17 लाख लोक तिचे लाभार्थी होते. अन्नबँका एक जेवण पुरवतात तेव्हा स्नॅपमधून नऊ जेवणांची सोय होते, असे फीडिंग अमेरिका सांगते. स्नॅपमध्ये केवळ दहा टक्के कपात झाली, तर ती भरून काढण्यासाठी अन्नबँकांना आपले काम जवळजवळ दुप्पट करावे लागेल. जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्यामुळे या योजनेवरील संघीय खर्च दहा वर्षांत 180 अब्ज डॉलरांहून अधिक घटेल, असा अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. ही तूट देणग्यांनी भरून निघेल असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे लागते की दात कोरून पोट भरत नाही.

अनुदानाची अनिश्चितता म्हणजे केवळ कपात, ही समजूतही अपुरी आहे. अन्नबँकांना सरकारी अन्न मुख्यतः टेफॅप या आपत्कालीन अन्नसाहाय्य योजनेतून मिळते. तिचे मूळ 1981 मध्ये आहे, आणि ते भुकेपेक्षा दुधाच्या राजकारणात अधिक आहे : दुधाचे भाव टिकवण्यासाठी सरकारने विकत घेतलेले चीज गोदामांत साठून राहिले होते, ते गरिबांत वाटण्यात आले. या जन्मखुणा योजनेने आजही टाकलेल्या नाहीत. तिचा एक भाग कायद्याने ठरलेल्या रकमेचा आहे, तर दुसरा भाग शेतमालाचे भाव कोसळले की कृषी खाते जी खरेदी करते तिच्यावर अवलंबून असतो, म्हणजे त्याचे प्रमाण भुकेवर ठरत नाही, बाजारावर ठरते. 2018 मध्ये आयातशुल्काच्या वादातून अमेरिकी शेतमालाची निर्यात घटली तेव्हा सरकारने डुकराचे मांस, सफरचंदे, दूध असा 1.2 अब्ज डॉलरांचा माल खरेदी करून मुख्यतः अन्नबँकांकडे वळवण्याचे जाहीर केले, आणि अनेक ठिकाणी तो ठेवण्याइतकी शीतगृहे आणि वाहून नेण्याइतकी वाहने यांची चणचण भासली. 2025 च्या वसंतात याच्या उलट घडले : ऐच्छिक निधीतून मंजूर झालेला सुमारे 50 कोटी डॉलरांचा माल रोखण्यात आला. ज्या संस्थेला एका वर्षी शीतगृह भाड्याने घ्यावे लागते आणि पुढे तेच रिकामे ठेवावे लागते, तिने काटकसर शिकावी असा उपदेश करणे गैर आहे. तिला हवे असते ते आगाऊ समजणारे वेळापत्रक.

मार्च 2025 मधील आणखी एका निर्णयात ही हानी अधिक स्पष्ट दिसते. स्थानिक शेतकऱ्यांकडून थेट खरेदी करून ते अन्न अन्नबँकांना पुरवण्याची योजना, आणि शाळांसाठीची तशीच दुसरी योजना, यांचा पुढील टप्पा कृषी खात्याने रद्द केला. दोन्ही मिळून ही रक्कम एक अब्ज डॉलरांहून अधिक होती. भाजीपाल्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मार्च हा बियाणे घेऊन झाल्याचा, रोपे टाकण्याचा आणि मजूर ठरवण्याचा महिना. या महिन्यात ग्राहकच नाहीसा झाला, तर त्याचे पीक आणि अन्नबँकेतील ताजी भाजी दोन्ही एकाच पत्राने जातात. दोघांत निर्माण झालेला विश्वास नंतरच्या देणगीने विकत घेता येत नाही.

तरीही अन्नबँकांनी जुळवून घेऊच नये, हे म्हणणे मान्य करता येत नाही, कारण जुळवून घेण्यात जी बुद्धी खर्च होते तिला मोल आहे. 2005 पूर्वी महासंघाकडे आलेला माल क्रमाने एकेका बँकेला देऊ केला जाई, आणि ज्याच्याकडे बटाटे पडून आहेत त्यालाच पुन्हा बटाट्यांचा ट्रक मिळण्याची शक्यता असे. मग शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने एक अंतर्गत चलन तयार करण्यात आले : गरजेच्या प्रमाणात प्रत्येक बँकेला ते मिळते, हव्या त्या ट्रकसाठी तिने बोली लावायची, आणि खर्च झालेले चलन पुन्हा सर्वांत वाटले जाते. त्यामुळे ज्या बँकेला आपल्या भागातील कारखान्याकडून धान्य मिळते ती ते सोडून भाजी घेऊ शकते, आणि लहान बँकही चलन साठवून मोक्याच्या वेळी मोठी बोली लावू शकते. वाया जाणारे अन्न यामुळे वाचते. मात्र सरकारने काढून घेतलेला पैसा या चलनातून उभा राहत नाही, आणि तसा दावा ते तयार करणाऱ्यांनीही केलेला नाही.

खरे समर्थन करायला हवे ते अशा जुळवून घेण्याचे, ज्यात सार्वजनिक जबाबदारी झाकली जात नाही, उलट तिला नवा कायदेशीर आधार मिळतो. पेनसिल्व्हेनियाने शेतकऱ्याच्या अतिरिक्त मालाच्या काढणीचा आणि बांधणीचा खर्च राज्याच्या तिजोरीतून देण्याची व्यवस्था केली आहे. न्यूयॉर्कने करोनाकाळात सुरू केलेली स्थानिक खरेदीची योजना 2021 मध्ये कायद्याने कायम केली. पात्र कुटुंबाचा स्नॅपचा अर्ज भरून देणारा अन्नबँकेचा कर्मचारीही याच मार्गाने जात असतो, कारण तो त्या कुटुंबाला रांगेतून काढून हक्काकडे नेतो. हक्क आणि दान यांतील हा फरक भारतीय वाचकाला परका नाही : 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात ठरलेले धान्य मिळाले नाही तर लाभार्थ्याला भत्ता देण्याचे बंधन सरकारवर आहे, आणि दानाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला असे काहीही मागता येत नाही.

याउलट जे जुळवून घेणे टाळायला हवे, ते मुकाट्याने होणारे : खोक्यातील मांस काढून त्या जागी पास्ता भरणे, महिन्यातून दोनदा येणाऱ्यांना एकदाच यायला सांगणे, आणि अहवालात मात्र ‘सेवा दिलेली कुटुंबे’ पूर्वीइतकीच दाखवणे. यामुळे तूट गरिबाच्या ताटात जाते आणि कागदावर ती उरतच नाही. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 या काळात संघीय कामकाज ठप्प झाले आणि लक्षावधी कुटुंबांना स्नॅपचा नोव्हेंबरचा हप्ता वेळेवर मिळाला नाही, तेव्हा अन्नबँकांपुढील रांगा साऱ्या देशाने पाहिल्या, कारण त्या रस्त्यावर होत्या. खोक्यातून कमी झालेला जिन्नस मात्र कोणाला दिसत नाही.

सुमारे तीस वर्षे चाललेली कुटुंबांच्या अन्नसुरक्षेची वार्षिक पाहणी बंद करण्याची घोषणा कृषी खात्याने सप्टेंबर 2025 मध्ये केली. भूक मोजण्याचे सरकारी मापच काढून घेतले जात असताना अन्नबँकांनी किती दिले याच्याबरोबर किती देता आले नाही, किती माणसे परत पाठवावी लागली आणि खोक्यातून काय कमी झाले, याची नोंद ठेवली पाहिजे, आणि ती देणगीदार दुखावतील या भीतीने कपाटात न ठेवता दर महिन्याला जाहीर केली पाहिजे.