भूजलाचा ताळेबंद आणि खडकाची साक्ष

जमाखर्चातील एक मूळ आकडा गृहीत धरलेला असेल, तर बेरीज कितीही काटेकोर असली तरी ताळेबंद संशयास्पदच राहतो. भूजलाच्या हिशोबाची स्थिती नेमकी हीच आहे. निरीक्षण विहिरींची पाणीपातळी प्रत्यक्ष मोजली जाते. परंतु खडक आपल्या आकारमानाच्या किती टक्के पाणी सोडतो, हे बहुधा गृहीतच धरले जाते. बेसाल्टसाठी हे प्रमाण सर्वसाधारणपणे एक ते तीन टक्के मानतात. पातळी एक मीटर वाढली असता हेक्टरी साठा एक टक्क्याने एक लाख लिटर, तर तीन टक्क्यांनी तीन लाख लिटर भरतो!

नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग या काळ्या कातळाचा, तर पूर्वेकडे ग्रॅनाइट. भोकरच्या शेतकऱ्यास हे सांगावयास नको की, बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींपैकी एक भरलेली व दुसरी कोरडी असू शकते. अशा भूमीला सरासरी लावून क्षेत्र ‘सुरक्षित’ की ‘अतिशोषित’ हे ठरते. संगणकावरील प्रतिमानही दिलेल्या आकड्यापेक्षा अधिक शहाणे नसते. अंदाज शासनाचा, कर्ज मात्र शेतकऱ्याचे, हा न्याय नव्हे.

उपाय खर्चिक नाही. विहिरीचा उपसा करून पातळी किती उतरते व किती वेळात पूर्ववत होते, हे गावोगाव नोंदवावे. विज्ञानाचे विद्यार्थी त्यात साहाय्य करू शकतील. साठ्याचा एकच आकडा न देता किमान व कमाल मर्यादा जाहीर कराव्यात आणि विहिरींना मंजुरी देताना किमान आकडाच प्रमाण मानावा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या मराठवाड्याला फसव्या शिलकेवर विसंबणे परवडणारे नाही.