जगाचा इतिहास व्हाया कल्याण

परीक्षा जवळ आली की आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत संध्याकाळभर ‘कारणे लिहा’ची घोकंपट्टी ऐकू येते. औद्योगिक क्रांती, अमेरिकेतले यादवी युद्ध, दुसरे महायुद्ध. सारे सातासमुद्रापलीकडे घडल्यासारखे! वास्तविक १६ एप्रिल १८५३ रोजी वाफेची ती क्रांती बोरीबंदरहून ठाण्याला येऊन थडकली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला. १८६१ ते १८६५ अमेरिका पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची चांदी झाली.

दुसऱ्या महायुद्धात तर कल्याणच्या शेजारीच लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली. १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. मुलांना फाळणीचे पाच मुद्दे तोंडपाठ असतात, पण बाकावरच्या सिंधी मित्राची पणजी कुठून आली, हे ठाऊक नसते.

‘‘त्याला मार्क आहेत का?’’ पालक विचारतात. नाहीत. (प्रश्न तसा रास्तच, प्रवेश टक्क्यांवर ठरतात.) तरीही एखाद्या रविवारी गाइड मिटून मुलाला त्या पणजीकडे जरूर पाठवावे. सिंध पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.